पेल्यातील रसायन आणि विजेची जीभ



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आल्यापासून आम्हांला दोन प्रश्न वारंवार ऐकावे लागले. काही स्नेह्यांनी विचारले, कामगार चळवळीतला माणूस दारूची तरफदारी केव्हापासून करू लागला? दुसरे म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्या, स्वतःच चार बुके वाचलेल्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेस का जावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ओघात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर आताच देतो. जे शास्त्र आपल्या पोटात जाणाऱ्या पदार्थाविषयी बोलते ते समजून घेण्याचा अधिकार पदवीने येत नाही. पोट असले म्हणजे तो आपोआप येतो.

लकडगंजात उभे राहून हा विषय मांडताना एका योगायोगाची मौज वाटते. १८३४ साली द्यूमा आणि पेलिगो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, लाकूड बंद भांड्यात तापविल्यावर जो द्रव मिळतो, त्याचा अभ्यास केला. त्यातील मूलघटकाला नाव देताना त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडले. एक 'मेथु', म्हणजे मद्य, आणि दुसरा 'हुले', म्हणजे लाकूड. ग्रीकांचा 'मेथु' हा आपल्या संस्कृत 'मधु' शब्दाचा भाऊबंद होय. या जोडशब्दातूनच पुढे 'मिथिल' हा शब्द निघाला आणि त्या द्रवाला आज आपण मिथेनॉल म्हणतो. म्हणजे लाकडाचे मद्य! लाकडाच्या या पेठेत त्याची ओळख करून देणे अस्थानी नाही. हल्ली मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायूपासून आणि कोळशापासून करतात. रंग, रोगण आणि कारखान्यांतील शेकडो कामे त्याच्यावर चालतात. कारखान्यात ते उपयोगी आहे. पेल्यात आले की ते यमदूत होते. या यमदूताकडे आपण मागाहून वळू.

आधी मापाविषयी थोडे बोलू. आमच्या भागातल्या हमालाला मापाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान ट्रकमधून उतरवायचे आणि मजुरी घनफुटांवर घ्यायची, अशी रीत असली म्हणजे टेप कोणाच्या हातात आहे यावर संध्याकाळची चूल अवलंबून असते. युनियनच्या कामात आम्ही जी भांडणे पाहिली, त्यांतली निम्मी दराची नव्हती, मापाची होती. दर कागदावर असतो. माप ज्याच्या हाती, त्याच्याच मनात असते. मद्याच्या मापाचा इतिहास वाचला तेव्हा आम्हांला तेथेही हीच गोष्ट आढळली.

मद्य मोजण्याचे पहिले नेटके उपकरण सरकारी तिजोरीसाठी तयार झाले. साइक्सचे हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगणारा गोळा आणि त्यावर आकड्यांची दांडी, हे ब्रिटिश पार्लमेंटने १८१६ साली अबकारी कर ठरविण्यासाठी मान्य केले. ते पुढे हिंदुस्थानातही आले. दारू पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे मद्यार्क जितका जास्त तितका गोळा खोल बुडतो. आकडा वाचावा आणि कर वसूल करावा. उपकरण चोख, परंतु ते एकच प्रश्न विचारते: किती? 'काय?' हा प्रश्न ते विचारीतच नाही. पिण्याच्या मद्यातील इथेनॉल आणि विषारी मिथेनॉल यांचे वजन जवळजवळ सारखे आहे. पाण्याची घनता एक धरली तर दोघांचीही सुमारे ०.७९ भरते. गोळ्याला दोघांतला फरक कळत नाही. तिजोरीला जे हवे ते तो सांगतो. पिणाऱ्याच्या जिवाविषयी तो आंधळा आहे.

दुसरे माप व्यापाऱ्याने मागितले. फ्रान्समध्ये वाईन आंबून जाई, व्यापार बुडे. पाश्चरने त्यावर संशोधन करून १८६६ साली वाईनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आंबण्यामागे सूक्ष्म जीव आहेत हे दाखवून दिले. पुढे १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने आम्लता मोजण्याची 'पीएच' ही मोजपट्टी दिली. ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याने चालविलेली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या पातळ पडद्याचे विद्युदग्र तयार केले. विद्युदग्र म्हणजे द्रवात बुडवलेले विजेचे टोक. काचेच्या एका बाजूस आम्ल कमी आणि दुसऱ्या बाजूस जास्त असले म्हणजे दोन्हींमध्ये विजेचा किंचित दाब उत्पन्न होतो. तो दाब मोजला की आम्लता कळते.

किंचित म्हणजे इतका किंचित की, तो सहजी मोजता येईना. ती अडचण सुटली ती फळांच्या रसापायी, आणि हे संत्र्यांच्या नागपूरकरांना ऐकून बरे वाटेल. कॅलिफोर्नियातील फळबागाईतदारांच्या संस्थेत लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रस टिकावा म्हणून त्यात गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायॉक्साइड, मिसळलेला असे. तो लिटमसचा रंग उडवी आणि त्या काळचे हायड्रोजनचे विद्युदग्र निकामी करी. काचेचे विद्युदग्र तेवढे टिके, पण त्याचा आवाज क्षीण. १९३४ साली आर्नोल्ड बेकमनने रेडिओतल्यासारख्या नळ्या जोडून तो आवाज मोठा केला, आणि पीएच-मीटर जन्मास आले.

आता हेच उपकरण वाईनच्या कामी कसे आले ते पाहू. वाईन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. त्यात बहुतांश पाणी, शेकडा ११ ते १४ भाग मद्यार्क, टार्टारिक आणि मॅलिक ही आम्ले, ग्लिसरीन, उरलीसुरली साखर, सालीबियांतून उतरलेली तुरट पॉलिफेनॉल द्रव्ये आणि टिकण्यासाठी घातलेला तोच गंधकाचा वायू असतो. आपल्या महाराष्ट्रात १९८०च्या दशकात नारायणगावच्या परिसरात या धंद्याने मूळ धरले. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. आपल्याकडे ऊन कडक. उन्हात द्राक्षातली साखर झपाट्याने चढते आणि आम्ल झपाट्याने उतरते. आम्ल उतरले की गंधकाचा वायू दुबळा होतो. पीएच ३ असताना मोकळ्या सल्फर डायॉक्साइडचा जेवढा भाग जंतूंवर खरे काम करतो, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच पीएच ४ असताना करतो. म्हणजे एका आकड्याच्या फरकाने राखण करणाऱ्या दहा शिपायांतले नऊ झोपी जातात. म्हणून वाइनरीत पीएच-मीटर पाहिल्याशिवाय कोणी गंधक घालीत नाही.

येथवर विजेच्या दाबाची गोष्ट झाली. दुसरा प्रकार प्रवाहाचा. १९२२ साली प्राग येथे हेरोव्हस्कीने पाऱ्याच्या थेंबाचे विद्युदग्र वापरून, कोणता पदार्थ किती दाबाला इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, हे नोंदविण्याची रीत शोधली. त्याबद्दल त्याला १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना अगदी साधी आहे. बाजारात प्रत्येक माल आपापल्या भावाला विकला जातो. विद्युदग्रावरचा दाब हळूहळू चढवीत न्यावा. ज्या पदार्थाचा भाव आला, तो आपले इलेक्ट्रॉन सोडतो आणि प्रवाहाची सुई उडी घेते. उडी कोठे आली यावरून पदार्थ ओळखावा, किती उंच गेली यावरून त्याचे प्रमाण. वाईनमधली तुरट पॉलिफेनॉले इलेक्ट्रॉन सोडण्यास मोठी तयार असतात. कार्बनच्या विद्युदग्रावर ती चांगली उमटतात. आयोडीन घालून गंधक मोजण्याची जुनी रीत लाल वाईनमध्ये अडखळते, कारण शेवटचा रंगबदल वाईनच्या लालीत बुडून जातो. विजेला डोळे नाहीत; तिला लाल आणि पांढरे सारखेच.

तिसरी पायरी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. मधुमेहाचे यंत्र घ्या. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा, काही क्षणांत साखरेचा आकडा यायचा. त्या पट्टीवर साखरेलाच ओळखणारे एक प्रथिन, म्हणजे एन्झाइम, वाळवून बसविलेले असते. ते साखरेवर काम करते आणि त्यातून जो प्रवाह उत्पन्न होतो तो यंत्र मोजते. ही कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडली. साखरेच्या जागी मद्यार्क ओळखणारे एन्झाइम बसवा, मॅलिक आम्ल ओळखणारे बसवा, की तीच पट्टी वाईनची परीक्षक होते. पट्टीवरील विद्युदग्रे कार्बनच्या शाईने छापतात. आपल्या शहरात लग्नपत्रिका ज्या स्क्रीन-छपाईने निघतात, तीच ही विद्या. म्हणून पट्टी स्वस्त पडते, आणि आमच्या आजच्या बोलण्याचे सार या स्वस्ताईतच आहे.

चौथी पायरी म्हणजे 'विजेची जीभ'. माणसाची जीभ प्रत्येक द्रव्य सुटे ओळखत नाही. खारट, आंबट, गोड, कडू अशा थोड्या खुणांवरून मेंदू एकूण चव ठरवितो. जपानमध्ये क्यूशू विद्यापीठात तोको यांनी, आणि रशियात सेंट पीटर्सबर्गच्या व्लासोव्ह-लेगिन मंडळींनी इटालियन सहकाऱ्यांसह, १९९०च्या दशकात हीच युक्ती यंत्रात आणली. काहीशी ढोबळ अशी अनेक विद्युदग्रे एकत्र बुडवायची, सर्वांचे आकडे संगणकाला द्यायचे, आणि कोणता नमुना कशासारखा आहे हे त्याला शिकवायचे. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि वायादोलिद येथील विद्यापीठांत वाईनवर असे पुष्कळ काम झाले. आपल्या देशात कोलकात्याच्या सी-डॅक संस्थेने चहाची प्रत ठरविण्यासाठी याच जातीचे इलेक्ट्रॉनिक नाक तयार केले. यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही जीभ शिकवलेलेच ओळखते. शिवाय पॉलिफेनॉलांचा थर विद्युदग्रावर बसतो आणि जीभ बधिर होते. ती घासून-पुसून पुन्हा तयार करावी लागते, किंवा पट्टी फेकून नवी घ्यावी लागते.

मंडळी, येथवरची कथा मोठी सुंदर आहे. शेकडो रुपयांच्या बाटलीतील द्राक्षरसाचे आम्ल, गंधक, तुरटपणा, सारे जग हळुवार हातांनी मोजते. त्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. द्राक्षबागेत राबणाऱ्या शेतमजुराची भाकरीही त्याच मोजमापावर उभी आहे. परंतु दिवसभर पाठीवर ओझी वाहून संध्याकाळी जो दहा-वीस रुपयांचा पेला घेतो, त्याच्या पेल्यात काय आहे हे कोण मोजतो?

१९८६ साली इटलीत काय घडले ते ऐका. मद्यार्काचा आकडा फुगावा म्हणून काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल ओतले. वीसांहून अधिक माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. द्राक्षाच्या सालीतील पेक्टिनापासून थोडे मिथेनॉल प्रत्येक वाईनमध्ये निसर्गतःच येते. त्याने अपाय होत नाही. हे मात्र ओतलेले होते. मेलेले लोक महागडी वाईन पिणारे नव्हते. त्या प्रकरणाने इटलीच्या वाईन-निर्यातीला जबर धक्का बसला, तेव्हा तपासणी कडक झाली. आणि आपल्याकडे? २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक मजूर. तेथेही मारेकरी मिथेनॉलच होते. ते औद्योगिक माल म्हणून स्वस्त मिळते. दारूत ओतले की ती जास्त 'कडक' झाल्याचा भास होतो. चव, वास, रंग, कशावरूनही कळत नाही. जाळून पाहिली आणि निळी ज्योत आली की दारू चांगली, अशी एक समजूत आहे. तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. इथेनॉलही निळे जळते आणि मिथेनॉलही निळे जळते.

यकृतात मिथेनॉलाचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. फॉर्मिक आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर पहिला घाव घालते. हे सर्व व्हायला वेळ लागतो. बहुधा बारा ते चोवीस तास माणूस बरा दिसतो. मग पोटात कळ, उलटी, धाप, आणि डोळ्यांपुढे धुके. सोबत चांगली दारूही घेतलेली असली तर ही लक्षणे आणखी लांबतात. अशा वेळी माणूस 'उतरायची आहे' म्हणून झोपवून ठेवू नका. मेयो किंवा मेडिकल जे जवळ असेल तेथे तडक न्या, आणि काय प्याला ते डॉक्टरांपासून लपवू नका. उतारा आहे, रक्त गाळण्याचे यंत्र आहे. पण ती वेळेची शर्यत आहे. घरी कोणी दारूवर दारू पाजून उपचार करू नये.

मग विद्युत्-संवेदक येथे का पोहोचला नाही? खरी शास्त्रीय अडचण आहे, ती झाकून ठेवणे बरे नाही. इथेनॉल आणि मिथेनॉल हे सख्खे भाऊ. प्लॅटिनमच्या विद्युदग्रावर दोघेही इलेक्ट्रॉन सोडतात आणि विद्युदग्राला कोणी सोडले हे उमजत नाही. मद्यार्क ओळखणारी काही एन्झाइमेही दोघांवर काम करतात. त्यातून चाळीस भाग इथेनॉलात एखादा भाग मिथेनॉल शोधायचा, म्हणजे जत्रेच्या गर्दीत कुजबुज ऐकण्यासारखे. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने हे काम बिनचूक होते, पण ते यंत्र मोठे आणि महाग. तथापि वाट निघते आहे. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली हातात मावणाऱ्या एका यंत्राचे काम प्रसिद्ध केले. त्यात बाटलीतील वाफ एका लहान नळीतून जाते, नळीत मिथेनॉल आणि इथेनॉल मागेपुढे होऊन वेगळे पडतात, आणि मग संवेदक त्यांना एकामागून एक मोजतो. सुमारे दोन मिनिटांचे काम. काटेकोरपणे पाहता तो संवेदक विद्युद्रासायनिक जातीचा नाही, तापवलेल्या धातूच्या ऑक्साइडचा आहे. परंतु आमच्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. दोन भावांना दारातच वेगळे करा म्हणजे साधा संवेदकही पुरतो, हा धडा त्यात आहे.

आता एक विसंगती पाहा. रात्री चौकात पोलीस वाहनचालकाच्या तोंडाशी जे यंत्र धरतात, त्यात बहुधा विद्युद्रासायनिक संवेदकच असतो. श्वासातला मद्यार्क प्लॅटिनमवर जळतो, प्रवाह वाहतो, आकडा येतो. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असला तर मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम लागते. हे योग्यच आहे. रस्त्यावरच्या निरपराधाचा जीव त्याने वाचतो. आमचे म्हणणे एवढेच की, पिणाऱ्याच्या तोंडाशी संवेदक पोहोचला, तर तो विकणाऱ्याच्या कॅनच्या तोंडाशीही पोहोचला पाहिजे. गुन्हा पकडण्यासाठी जी विद्या रस्त्यावर येते, ती जीव वाचविण्यासाठी वस्तीत यायला नको काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पिण्याची दारू तपासून देणे म्हणजे पिण्यास उत्तेजन नव्हे काय? आम्ही दारूने मोडलेले संसार जवळून पाहिले आहेत; पगाराच्या दिवशी दाराशी उभ्या राहणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. दारू सुटावी हीच आमची इच्छा. पण आमच्या पेठेतल्या आरामशीनचे उदाहरण घ्या. पात्यावर लोखंडी जाळी असावी म्हणून कामगारांनी भांडणे केली. जाळी बसविली म्हणून कोणी मुद्दाम पात्याजवळ हात नेत नाही. जाळी इतकेच म्हणते की, माणूस चुकला तरी त्या चुकीची किंमत हात असू नये. पिणे हा दोष मानला तरी त्याची शिक्षा आंधळेपण किंवा मृत्यू असू नये. गडचिरोलीत १९९३ पासून आणि वर्ध्यात त्याच्याही आधीपासून दारूबंदी आहे. बंदी असो वा नसो, चोरट्या दारूत काय आहे हा प्रश्न दोन्हीकडे तेवढाच जिवंत राहतो.

दुसरी सावधगिरी आमची स्वतःची. अर्धवट पट्टी ही पट्टी नसण्याहून वाईट. तिने 'ठीक' म्हटले आणि माणूस मेला, तर तो पट्टीवरचा विश्वास घेऊन मेला. म्हणून अशी साधने तज्ज्ञ प्रयोगशाळेत कसोटीला लावूनच बाहेर पडावीत. त्यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. आपल्या गावात १९४२ पासून रसायन-तंत्र शिकविणारी लक्ष्मीनारायण संस्था आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. आज या प्रयोगशाळेकडे व्हिसेरा जातो, म्हणजे माणूस मेल्यावर त्याच्या पेल्याचा निकाल लागतो. तो निकाल एक दिवस आधी लागावा, इतकीच मागणी.

मागणी मोघम राहू नये म्हणून तिचे तीन भाग करतो. संशयित दारू तपासण्याचे साधन पोलीस ठाण्याच्या कपाटात न राहता वस्तीतील दवाखान्यात आणि ग्रामपंचायतीतही असावे. नमुना आणून देणाऱ्याला 'तू कोठून आणलीस' असे दरडावू नये, नाहीतर नमुना येणारच नाही. आणि निकाल त्याच दिवशी फळ्यावर लिहावा. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो मालकाच्या दयेने झाला नाही. हमालांनी आपली मजुरी कोण मोजतो हे विचारले म्हणून झाला. हायड्रोमीटर तिजोरीने मागितले, पीएच-मीटर बागाईतदाराने मागितले, आणि ज्याने मागितले त्याला ते मिळाले. पिणाऱ्या गरिबासाठी अद्याप कोणी मागितलेले नाही. ते मागण्याचे काम न पिणाऱ्या तुम्हां-आम्हांवर येऊन पडले आहे.